वाफसुद्धा चालत नाही

गुडघ्याचं ऑपरेशन करायचं तर आधी हृदयाचा रिपोर्ट आणा, असं हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं. ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून तपासण्याइतकी ताकद माझ्या पायांत उरली नव्हती. मी बाथरूमपर्यंत भिंत धरून जात होते. मग औषध टोचून हृदयावर ताण आणायचा आणि त्याचे फोटो काढायचे, असं ठरलं. आदल्या दिवसापासून चहा-कॉफी, चॉकलेट, कोला बंद आणि सकाळी उपाशीपोटी यायचं, एवढीच तयारी.

चॉकलेटचं मला काही नव्हतं. पण चहावर मी जगते. आमच्या घरात तो करायचा मी, आणि कधी करायचा ते बाकीच्यांनी ठरवायचं.

नेमके आदल्या दिवशी माढ्याहून दीर आणि जाऊ मला बघायला आले. चहावाचून माझं डोकं ठणकत होतं, म्हणून मी आत पडून होते.

"वैनी, तुमाला बंदी हाय, आमाला न्हाय की," दीर बाहेरून म्हणाले. "टाका घोटभर."

"ताईंच्या हातचा च्या लई झ्याक हुतो," जाऊ म्हणाली, आणि पंख्याखाली आणखी ऐसपैस बसली.

आमचे हे आत आले. हातात गोळी आणि पाण्याचा पेला. लग्न झाल्यापासून ह्यांनी मला कधी पाणी आणून दिलेलं आठवत नाही, त्यामुळे क्षणभर मला गहिवरून आलं.

"ही घे आणि ऊठ," हे म्हणाले. "माणसं खोळंबलीत."

मी गोळी घेतली, उठले, आलं ठेचलं. दीरांनी दोनदा चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गाऊन घालून, हाताला सुई लावून मी पडले होते. तिथल्या मुलीनं विचारलं, काल काही औषध घेतलंत का? मी म्हटलं, डोकेदुखीची गोळी. पाकीट पर्समध्येच होतं. तिनं मागचं बारीक अक्षर वाचलं.

"काकू, यात कॅफिन आहे. चहा प्यायल्यासारखंच झालं. आज नाही होणार."

सुई काढली, कापूस दाबला, पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली. म्हणजे ऑपरेशन पुढे गेलं आणि मी पुन्हा भिंतीला चिकटले. बाहेर बाकावरच्या सगळ्यांसमोर हे म्हणाले, "शिकलेली बाई तू, तुला वाचता येत नव्हतं?" रिक्षा सात रस्ता चौकात पोचेपर्यंत हे बोलतच होते. घरात पाऊल टाकल्यावर म्हणाले, "आता तपासणी झालीच नाही, तर चहा टाक."

मी टाकला. तो उकळत असताना मला पुढचं सगळं सुचलं.

पुढच्या खेपेला आदल्या दिवशी सकाळीच चहाचा डबा कपाटात ठेवून मी कुलूप लावलं. "या वेळी घरात कुणीच चहा प्यायचा नाही म्हणालेत," मी ह्यांना सांगितलं. "वाफसुद्धा चालत नाही. रिपोर्ट बिघडतो."

ह्यांचं सगळं आयुष्य ऑफिसात गेलेलं. नियम म्हटलं की तो कुणी काढला हे विचारायची सवय नाही. तरी म्हणाले, "बाहेर टपरीवर घेऊन येऊ?"

"वास घेऊन घरातच येणार ना?"

दुपारी हे कपाळाला रुमाल बांधून पडले. सकाळपासून माझंही डोकं फुटत होतं, पण ह्यांच्याकडे बघून मला बराच आराम पडला. हे क्षीण आवाजात म्हणाले, "ती गोळी तरी दे."

"त्यात कॅफिन असतं," मी म्हटलं. "आणि पाकिटावर लिहिलेलं असतं."

मला जराही वाईट वाटलं नाही. उलट ह्यांच्या उशाशी बसून मी निवांत पेपर वाचला.

तपासणी झाली. औषध अंगात गेलं तेव्हा छातीवर कुणी बसल्यासारखं झालं, कानशिलं तापली, आणि थोड्या वेळानं ओसरलं. तिथली मुलगी बाहेर येऊन ह्यांना म्हणाली, "काकूंना आता चहा द्या, लगेच बरं वाटेल."

हे कँटीनमधून कप घेऊन आले. चेहरा ओढलेला, डोळे लाल, आणि सगळं लक्ष कपावर. मी बाकावर बसून फुंकर मारत, सावकाश, तळापर्यंत प्यायले.

"आता मी घेऊ का?" ह्यांनी विचारलं.

"थांबा," मी म्हटलं. "डॉक्टरांना विचारून सांगते."