खऱ्यासारखा गेम आणि भावाचा डावा डोळा

वसतिगृहातली मुलं विचारतात तेव्हा मी त्या गेमबद्दल अजूनही चांगलंच बोलतो. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे छातीठोक बोलायची सवय नाही. पण सैनिकांचा तो गेम मला नीट माहीत आहे. बाकीच्या गेममध्ये दहा गोळ्या खाऊनही माणूस पळत राहतो. यात छातीत एक लागली की संपलं. धावत येऊन लगेच नेम धरला तर हात थरथरतात. अर्धा अर्धा तास गवतात पडून राहावं लागतं आणि पुष्कळदा काहीच घडत नाही. ते मला खरं वाटायचं.

गेम दाखवला चुलतभावाने, नांदुऱ्याला स्टेशनजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात. तो माझ्याहून मोठा, सैन्यभरतीसाठी रोज पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारा. मी झुडपाआड लपलो की मागून म्हणायचा, "काऊन बे, पऱ्हाटीच्या आड गोळी थांबते का? भित पाह्य एखांदी." म्हणजे कपाशीच्या झाडाने गोळी अडत नाही, भिंत शोध.

भरती जवळ आली तसं त्याने खेळणं सोडलं. ते त्याचं शेवटचं वर्ष होतं, पुढच्या भरतीला वय बसणार नव्हतं. "धावणं माह्या हातात हाये," तो म्हणायचा, "डोळे जपा लागते."

आमची दोन घरं शेतात मजूर लावत नाहीत. आज तो आमच्या वावरात, उद्या मी त्याच्या. अळी लागत नाही म्हणून आणलेल्या बीटी कपाशीलाच त्या वर्षी बोंडअळी लागली होती, आणि झाडं डोक्याच्या वर गेली होती. भरतीला चार दिवस उरले होते. त्या दिवशी आमच्या वावरात फवारणी होती आणि ती मी करायची होती. पण दुकानात आम्हा चौघा मित्रांचा खेळ आधीच ठरला होता. तेव्हा मी गावाहूनच कॉलेजात जायचो. मी घरी सांगितलं, कॉलेजात प्रॅक्टिकल आहे.

"जाय तू," तो म्हणाला. "घरात शिकणारा एक तं पाह्यजे. मी मारतो फवारा."

एवढ्या उंच पिकात नळी वर धरावी लागते आणि औषध आपल्याच अंगावर पडतं. त्याने नाकातोंडाला दुपट्टा बांधला होता. घाम डोळ्यात उतरला तेव्हा त्याच दुपट्ट्याच्या टोकाने त्याने डोळे पुसले. आमच्याकडे सगळेच असं करतात, मीही केलं आहे. दुपट्टा औषधाने भिजलेला होता. संध्याकाळी काकूने त्याच्या डोळ्यात गाईचं दूध घातलं. दवाखान्याचं कुणी बोललं नाही. मीही नाही.

त्याच दुपारी गेममध्ये माझ्या खांद्याला गोळी लागली होती. मी एक बटण दाबलं, पट्टी गुंडाळली गेली आणि मी उठून पळालो. उभ्या पिकातून पळालो, एक ताटही मोडलं नाही. या गेमची खोट सांगताना मुलं म्हणतात, त्यातल्या घरांचे दरवाजे उघडत नाहीत वगैरे. मला ती पट्टी आठवते, पण बोलताना मीही दरवाज्यांचंच सांगतो.

भरतीत तो धावण्यात पहिल्या गटात आला. डोळ्यांच्या तपासणीत डाव्या डोळ्याला खालची ओळ दिसली नाही. फेरतपासणीची तारीख मिळाली, तेव्हाही दिसली नाही. बुबुळावर डाग राहिलाय, असं डॉक्टर म्हणाले.

तो परतला त्या दिवशी मी त्याला घ्यायला नांदुऱ्याच्या बसस्टँडवर गेलो होतो. सगळं सांगून टाकायचं असं ठरवून गेलो होतो. त्याने पिशवी माझ्याकडे दिली. मग विचारलं, "तुह्यं प्रॅक्टिकल झालं ना पास?"

मी हो म्हणालो.

"मंग झालं तं," तो म्हणाला. "एकाचं तं झालं."

गावापर्यंत बसमध्ये तो खिडकीशी बसला होता, मी त्याच्या डाव्या डोळ्याच्या बाजूला.