व्हर्नचे रिकामे हात

आमच्या वडिलांची बंदूक माझ्याकडे कपाटात कुलपात असते, आणि माझा धाकटा भाऊ व्हर्न घरी आला की त्या कपाटाकडे पाठ करून बसतो. विशीत टवाळांच्या नादी लागून त्यानं एका बंद दुकानाचं कुलूप फोडलं होतं. त्याची शिक्षा कधीच भोगून झाली. पण इथला कायदा असा, की अशी शिक्षा झालेल्यानं बंदुकीला हात लावला तर आजही पुन्हा तुरुंग. हा कुठला न्याय? पण मला विचारतंय कोण.

हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो त्या दिवशी आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात शाळासुद्धा बंद. सगळं गाव जंगलात, आणि हा माझ्या स्वयंपाकघरात.

"ताई, सूप खारट झालंय."

"मग नको गिळूस."

त्याचे कान लांबून येणाऱ्या बंदुकांच्या बारांकडे लागलेले असायचे. जीव तुटायचा माझा.

यंदा त्याच्या लेकीला, टेसाला, शिकारीचा परवाना मिळाला. सोबत परवानावालं मोठं माणूस हवं, म्हणून मी गेले. व्हर्न हात खिशात घालून बरोबर. वारा कुठला, थांबायचं कुठं, सगळं तोच सांगत होता. इतका बोलताना मी त्याला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

वाटेत काटेरी तार आली. बंदूक हातात घेऊन तार ओलांडायची नाही, आधी ती सोबत्याकडे द्यायची, हे आमच्या पोरांना लहानपणापासून घोटवलेलं. मी जाडी बाई मागे धापा टाकत होते. व्हर्न पलीकडे पोचलाही होता. टेसानं गोळ्या काढल्या आणि सवयीनं बंदूक त्याच्यापुढे धरली.

"बाबा, धर."

त्याचा हात खिशातून निघाला. पार दस्त्याजवळ गेला आणि तिथंच थांबला. मग त्यानं तो मागे घेतला.

"बर्फावर ठेव, बाळा."

"आजोबांची बंदूक ओली होईल ना."

"होऊ दे. घरी गेल्यावर पुसू. म्हणजे, तू पुस."

तिनं तारेखालून बंदूक पलीकडे ठेवली, तार ओलांडली, बंदूक उचलली आणि चालू लागली.

मी तारेपाशी पोचले तेव्हा व्हर्न गुडघ्यावर बसला होता. बर्फात बंदुकीचा ठसा उमटला होता, लांबलचक. हातमोजा काढून त्यानं उघडा पंजा त्या ठशात ठेवला होता.

"ऊठ रे, पोरगी पुढे गेली," मी म्हटलं.

"आलोच, ताई," तो म्हणाला. पण हात काही काढेना.