बांधावरची पावडर

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. हसालच म्हणा, पण निदान तोंडातला चहा तरी उडवू नका!

तर, नदीला पूर येऊन गेला. टाकवे बुद्रुककडच्या वस्त्यांत पाणी शिरलं आणि आमच्या वराळ्याच्या सोसायटीनं मदतपथक काढलं. प्रमुख कोण? अस्मादिक! नुकताच राहायला आलो होतो, तरी सेक्रेटरी मीच. दुसरं कोणी तयारच नव्हतं.

पथकातल्या डॉक्टर मॅडम तिथल्या शाळेत तपासणीला बसल्या. मला बजावलं, "तुम्ही साचलेल्या घाणीवर जंतुनाशक पावडर टाका. आणि लोकांशी प्रेमानं बोला हं, घाबरलेले असतात."

गळ्यात शिट्टी, हातात पावडरची बादली, निघालो. पहिल्याच वळणावर बघतो तर काय! बायकांची रांगच्या रांग पोटरीभर चिखलात वाकून काहीतरी शोधतेय. आणि चक्क गातेय! जबर धक्का बसला की माणसं अशी करतात म्हणे.

"मावशी, काय शोधताय? काय वाहून गेलं?"

पुढची मावशी कंबर धरून उभी राहिली. "शोधतोय कशाला? आज ह्ये उरकलं न्हाई तर वरीसभर खायाचं काय?"

बिचारी! "मावशी, रडून घ्या. मन मोकळं होतं."

मावशी शेजारणीला म्हणाली, "आगं सुमे, ह्या दादांना कुटंतरी बसाया सांग. त्यांना बरं वाटत न्हाई."

धक्का फारच खोल होता. म्हटलं, निदान परिसर तरी स्वच्छ करू. बांधावर ओल्या गवताच्या जुड्यांचा ढीग, मुळांना चिखल. पुरानं आणून टाकलेली घाण! इथेच डास, इथूनच जुलाब! उघडली बादली आणि मारली पावडर. हात आखडता घेतला नाही. ढीग पांढराशुभ्र करून सोडला.

गाणं थांबलं.

"आरं द्येवा! आमची भाताची रोपं! पुरातनं वाचल्याली!"

भाताची? अहो, पुण्यात तिसऱ्या मजल्यावर वाढलेला माणूस मी. माझ्या माहितीप्रमाणे भात कुकरमध्येच जन्माला येतो!

मग जी धावपळ उडाली! बायकांनी जुड्या उचलल्या आणि शेजारच्या ओढ्यात खळाखळा धुवायला घेतल्या. मीही पँट दुमडून उतरलो. तोंडानं "सॉरी मावशी, सॉरी मावशी" चालूच. लाजेनं मान वर होईना.

गलका ऐकून डॉक्टर मॅडम शाळेतून पळत आल्या. "पेशंट कुठाय?"

मी हातातली जुडी वर धरली. मॅडमनी आधी पावडरची बादली ताब्यात घेतली.

नशीब, वरची थोडी सोडली तर रोपं वाचली. दुपारपर्यंत मी जुड्या वाहिल्या. शेवटी मावशींसमोर हात जोडले. "चुकलं मावशी. पुरानं आधीच तुमचे एवढे हाल केले, त्यात मी..."

मावशीनं पदराला हात पुसले. "आवो दादा, पुराचं काय घिऊन बसलाय? पुराच्या आदी गावात भोंगा तरी फिरला व्हता. तुमी येनार, ह्ये कुनीबी सांगितलं न्हाई!"