शनिवारच्या वर्गाचा नियम

आनंदीबाईंच्या शनिवारच्या वर्गाला नियम एकच होता, पण तो म्हणजे दगडावरची रेघ. जूनच्या पहिल्या शनिवारी प्रत्येक पोराच्या हातात कोरी चिठ्ठी पडायची. तिच्यावर आपलं नाव लिहायचं, खाली एक कला आणि एक खेळ. कलेत गाणं, चित्र नाहीतर शिवण. खेळात व्हॉलीबॉल नाहीतर खो-खो. पोरानं आपलं आपण ठरवायचं आणि आईबापांनी तोंड उघडायचं नाही. नुसतं वर्गात नव्हे, घरीसुद्धा नाही. एखादी आई ‘शिवण लिही गं, पुढं उपयोगाला येईल’ असं पोरीच्या कानाशी कुजबुजली की बाई ती चिठ्ठी फाडून दुसरी द्यायच्या आणि त्या आईला बाहेर उंबराखाली नेऊन बसवायच्या. पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा तास मात्र सगळ्यांना सक्तीचा. तिथं कसली आवडनिवड, देवानं आपल्याला निवडताना कुठं विचारलं होतं, असं त्यांचं म्हणणं.

हा वर्ग कर्जतला भरायचा, स्टेशनामागं ख्रिस्ती मंडळीचं प्रार्थनाघर होतं तिथं. साल एकसष्ट. त्या भागात ख्रिस्ती घरं ती किती? पळसदरीला दोन, खोपोलीला चार, चौकला एक, आणि बाकीची घाटात, रेल्वेच्या सिग्नल-केबिनींवर विखुरलेली. घाटात चौथीच्या पुढं शाळा नाही. बोर्डिंगात घालायचं तर नगर नाहीतर पुणं गाठायचं. तेव्हा पाळकसाहेबांनी आणि घरोघरच्या कर्त्यांनी बसून ठरवलं, की पोरांना घरीच शिकवायचं आणि मॅट्रिकला बाहेरून बसवायचं. आनंदीबाई ट्रेनिंग झालेल्या शिक्षिका. दर बुधवारी त्या केबिनी-केबिनी फिरून वह्या तपासायच्या, पुढचा धडा लावून द्यायच्या. इतिहास-भूगोल घरात बसून होतो हो, पण व्हॉलीबॉल एकट्यानं कसा खेळणार? सुरात सूर कुणाच्या मिसळणार? त्यासाठी शनिवार.

बाई मूळच्या नगरच्या. बोर्डिंगात वाढलेल्या. तिथं मुलींच्या कला मिशनच्या मडम वाटून द्यायच्या. ओळीनं उभं करून हात बघायच्या. आनंदीचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, बोटं बारीक आहेत, हिला शिवण. झालं. पोरीला गाण्याचं वेड, पण विचारतो कोण? सात वर्षं तिनं टेबलक्लॉथवर गुलाब काढले. पलीकडच्या खोलीत पायपेटी वाजायची आणि हिची सुई कापडातच थांबायची. पुढं लग्न झालं, शांतवनशी. तो लोधिवलीचा, घाटातल्या केबिनवर लिव्हर ओढायच्या कामाला. सज्जन माणूस, पण बोलायला पैसे पडतात की काय असा मुलखाचा घुमा. दोघांना एकच लेक झाली, मैना.

आणि इथंच सगळं घोडं पेंड खात होतं. मैनानं गाणं शिकावं, एवढी एकच इच्छा बाईंनी उराशी धरली होती. दुसरं काही मागितलं नाही त्यांनी देवाकडं. ना कर्जतला क्वार्टर मागितली, ना अंगावर दागिना. पण नियम कुणाचा? त्यांचाच. दुसऱ्यांच्या आयांना उंबराखाली बसवणारी बाई स्वतःच्या लेकीला कुठल्या तोंडानं सांगणार? मूग गिळून बसल्या.

पोरीला गळा होता, त्याबद्दल शंका नको. आठ-नऊ वर्षांची असताना घरातल्या संध्याकाळच्या प्रार्थनेत ती गीत धरायची तेव्हा आनंदीबाईंना नगरची पायपेटी आठवायची. आपल्यातून गेलेलं काहीतरी या पोरीत परत आलंय असं वाटून डोळे भरायचे. लेकीसमोर रडायचं कसं, म्हणून त्या उठून मागच्या दारी जायच्या, उगाच बादलीतलं पाणी इकडचं तिकडं करायच्या आणि डोळे पुसून परत यायच्या. पुढं पुढं मैना प्रार्थनेत नुसते ओठ हलवायला लागली. बाईंना वाटलं, वयात येतेय, लाजत असेल.

पहिल्या जूनला मैनानं चिठ्ठी दिली. शिवण आणि व्हॉलीबॉल. बाईंनी ती दोनदा वाचली आणि बाकीच्या चिठ्ठ्यांत सरकवली. दुसऱ्या जूनला शिवण. तिसऱ्याला शिवण. बरं, हात म्हणावा तर तोही नाही. काजं वाकडी, टाके लांबलचक, बोटांना भोकं पडलेली. चित्राच्या वर्गात गेली असती तरी बरं, असं बाईंच्या मनात यायचं. पण पोरीची आवड म्हणून त्या तिला शेजारी घेऊन बसायच्या, हात धरून टाका घालायला शिकवायच्या. व्हॉलीबॉलात मात्र पोरगी वाघीण होती. खोपोलीच्या कारखान्यातला पदू खेळ शिकवायला यायचा, तो म्हणायचा, बाई, ही उडी मारती तवा जाळीला घाम फुटतो.

शिवण बाईच शिकवायच्या, आणि पलीकडच्या खोलीत गाण्याचा वर्ग धोंडीमास्तर घ्यायचे. पोशीरचे म्हातारे, मंडळीतले जुने भजनी. पेटी स्वतःच्या डोक्यावरून आणायचे, टेंपोत ठेवायला जीव धजायचा नाही. चौथ्या जूनच्या चिठ्ठ्या झाल्यावर त्यांनी बाईंना बाजूला घेऊन विचारलं, तुमची पोर माझ्याकडं का येत नाय? बोलताना तिचा आवाज ऐकलाय मी, असा गळा वाया घालवू नये. बाई म्हणाल्या, मास्तर, तिची आवड नाही. म्हातारा म्हणाला, इचारलंय का कधी? बाईंनी नियम सांगितला. मास्तरांनी मान हलवली आणि पेटी उचलली. नियम त्यांनाही ठाऊक होता की.

पाचवा जून गेला, सहावा गेला. दरवर्षी मे महिना सरत आला की बाईंची झोप उडायची. चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात आला की त्या सगळ्यांच्या आधी मैनाची शोधायच्या, आणि तो एक शब्द वाचून बाकीच्या चिठ्ठ्या कोरड्या आवाजात वाचून दाखवायच्या. रागावणार कुणावर? पोरीनं चूक काहीच केली नव्हती. सहाव्या वर्षी ईस्टरच्या आधी धोंडीमास्तर वारले. गाण्याचा वर्ग बंद पडला, तो पडलाच. दुसरा माणूस मिळेना. त्याच उन्हाळ्यात मैना मॅट्रिक झाली आणि मिरजेला नर्सिंगला तिची निवड झाली.

जायच्या दिवशी शांतवनची ड्यूटी होती. तो म्हणाला, गाडी घाटातनं जाईल तवा मी केबिनीवर हिरवा झेंडा दाखवीन, तेवढंच बघ. आनंदीबाई एकट्याच लेकीला घेऊन कर्जतला उतरल्या. मेल घाटात थांबत नाही, म्हणून आधी खाली यायचं आणि मग त्याच घाटातून वर जायचं. गाडी आली, मैनाला खिडकी मिळाली. कर्जतला गाडीला मागून ढकलायला इंजिन जोडतात, तेवढा वेळ ती उभी असते. बाई खिडकीचे गज धरून उभ्या. डबा दिला, पत्ता पुन्हा वाचून दाखवला, स्वेटर वरच आहे ना विचारलं. सगळं सांगून झालं आणि गाडी अजून उभीच.

तेव्हा बाईंच्या मनात आलं, आता ही काही वर्गात नाही. आता विचारलं तर नियम मोडत नाही.

“मैना, एक विचारू? तुला गाणं कधीच आवडलं नाही का गं?”

मैना म्हणाली, “आवडायचं की. पण तुला माझा आवाज सोसत नव्हता ना.”

बाईंना काही कळेना. कोण म्हणालं असं, त्यांनी विचारलं.

“कुणी कशाला म्हणायला पाहिजे? मी म्हणायला लागले की तू उठून मागच्या दारी जायचीस. दर वेळी. मग मी बंदच केलं.” मैनानं पदराच्या टोकाशी चाळा केला. “आणि शिवण तुझी. म्हटलं, निदान शिवणीला तरी तू मला जवळ घेऊन बसशील.”

मागून इंजिनाचा धक्का बसला. सगळ्या डब्यांतून खडखडाट गेला. सहा वर्षं ज्या पोरीचा हात धरून त्यांनी टाके घातले, ती टाक्यांसाठी बसलीच नव्हती. शिट्टी झाली, गाडी हलली. गज धरून चालता चालता त्या म्हणाल्या, “अगं, मला रडू यायचं म्हणून जायचे मी. रडू यायचं म्हणून.”

मैनानं ऐकलं. तिचा चेहरा बदलला एवढं बाईंना दिसलं. तिनं हात बाहेर काढला, काहीतरी म्हणालीही, पण तोवर फलाट संपला होता.

संध्याकाळच्या पॅसेंजरनं बाई घाटात परतल्या. शांतवन ड्यूटी संपवून चुलीपाशी बसला होता, चहा त्यानंच टाकला होता. पोर गेली का, हिरवा झेंडा दिसला का तिला, असं त्यानं विचारलं. बाई उंबऱ्यातच टेकल्या आणि फलाटावर झालेलं सगळं त्यांनी त्याला सांगितलं. सांगताना रडल्या, आणि या खेपेला उठून कुठं गेल्या नाहीत. मला एकदा ऐकायचं होतं हो, म्हणाल्या, मोठेपणीचा तिचा आवाज एकदा तरी ऐकायचा होता. आता शिकवणारा म्हातारासुद्धा गेला.

शांतवननं चहा गाळला, कप त्यांच्या पुढं ठेवला.

“चांगली म्हणायची,” तो म्हणाला.

बाईंनी वर बघितलं.

“बुधवारची. तू वह्या बगायला गेलीस की म्हणायची. माजी रातपाळी असली तर मी झोपलोय असं तिला वाटायचं. मी झोपायचो नाय.” त्यानं खाली बघितलं. “शिवणीला बसून पलीकडचं मास्तरांचं सगळं उचललं व्हतं तिनं.”

“सहा वर्षं?” बाईंचा आवाज चिरकला. “आणि तुम्ही मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?”

“तूच म्हनाली व्हतीस,” शांतवन म्हणाला, “आईबापांनी तोंड उघडायचं नाय. घरीसुदीक नाय.”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हेच वाईट. बायकोनं घातलेला नियम त्या भल्या माणसानं लिव्हरसारखा पाळला होता. सिग्नल पडला की पडला. सगळ्या वर्गात तो नियम इतका चोख पाळणारा दुसरा कुणी नव्हता. बाईंना त्याच्यावर ओरडावंसं वाटलं, कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. बाहेरून एक मालगाडी हळूहळू चढत गेली. चहा निवला.

मग आनंदीबाईंनी पाट ओढला आणि त्याच्या अगदी समोर बसल्या.

“काय काय म्हणायची, सांगा,” त्या म्हणाल्या. “एकेक करून सगळं सांगा.”

शांतवनला गाता येत नव्हतं, पण शब्द सगळे पाठ होते. ते तो सांगत गेला, आणि बाई ऐकत बसल्या.