कमठाण्याचा बाजनामा

आमचं खत-बियाण्याचं दुकान हुलसूरला. कुणाला पत्त्यांचा नाद असतो, कुणाला राजकारणाचा; मला बाज पाळून शिकार करायच्या जुन्या चित्रांच्या पुस्तकांचा. बाजनामे म्हणतात त्यांना. बीदरच्या एका रद्दीवाल्याकडं पहिलं गावलं, मग एकाची चार झाली. बायको म्हणते, "रानात पाखरं हाकलायला माणूस न्हाई, अन् हे घरात पाखरं आणून ठेवायलेत. तीबी कागदाची." तिच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही.

पुस्तकं सगळी उर्दूत, नाहीतर फारसीत. दखनी मला फर्डी येते, गिऱ्हाइकाशी भांडणसुद्धा मी तीतच करतो, पण वाचायचं म्हटलं की अंगठाछाप. म्हणून नुसती चित्रं बघायची.

पाचव्याची खबर कमठाण्याहून आली. तिथल्या एका रिटायर उर्दू मास्तरांच्या घरात आजोबांच्या वेळचा, हातानं चितारलेला बाजनामा होता. ते विकत नव्हते. "जो समझेंगा उसीच को देतूँ," एवढीच अट. हैदराबादचा एक व्यापारी रिकाम्या हातानं परतला होता. मला मात्र तो हवा म्हणजे हवाच होता. इतका, की पेरणीच्या ऐन गर्दीत दुकान बायकोवर टाकून मी मोटरसायकल काढली. ती काय बोलली ते इथं लिहीत नाही.

मास्तर ऐंशीच्या पुढचे, नजर पार गेलेली. पुस्तक माझ्या मांडीवर ठेवून म्हणाले, "बोलो, क्या है इसमें?"

अक्षर येत नाही म्हणालो असतो तर पुस्तक गेलंच होतं. मी पहिलं पान उघडलं अन् चित्रावरून ठोकून दिलं. ते दखनीत, मी मराठीत. आमच्याकडं बोलणी अशीच होतात.

"बाजानं तित्तर धरलाय, चाचा. आता मालकाच्या हातावर बसून मांस खायलाय. आता डोळ्यांवर टोपी घातली, विसावा म्हणून. हितं जाळ्यात हाय. अन् शेवटी डोंगरावर एकटाच उडायलाय. काम झालं की सोडून देत असतील, औताचा बैल सोडावा तसं."

चहा घेऊन आलेली त्यांची सून हसायला लागली. "भाई, किताब पीछे से खोले तुम."

उर्दूच्या ओळी उजवीकडनं चालतात हे मला ठाऊक होतं. पानंही तिकडनंच उलटायची, हे टाळक्यात कधी शिरलंच नव्हतं. म्हणजे बाज आधी मोकळा होता. मग जाळं, मग टोपी, मग हात, अन् शेवटी मालकासाठी शिकार. घरातली चारही पुस्तकं मी इतकी वर्षं उलटीच बघत आलो होतो.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. "चुकलं, चाचा. मला वाचता येत न्हाई," म्हणून मी पुस्तक त्यांच्यापुढं सरकवलं.

त्यांनी ते चाचपलं, पुठ्ठ्यावरून दोनदा हात फिरवला अन् परत माझ्या मांडीवर ठेवलं.

"पचास साल पढ़ा मैं इसको," ते म्हणाले. "हर बार आख़िर में वो किसी का नौकर हो जाता था. आज पहली बार छूटा. लेके जाओ. अन् वैसेइच देखते रहो, उल्टा."