क्षयच निघावा म्हणून

भाकरीचा तुकडा यांनी आमटीत बुडवायला नेला, तो वाटीत गेलाच नाही, शेजारी ताटात टेकला. मी हसले. हे हसले नाहीत. एक डोळा झाकून त्यांनी पुन्हा तुकडा बुडवला, तेव्हा तो बरोबर वाटीत गेला.

"दोन दोन वाट्या दिसतायत मला," ते म्हणाले.

पन्नास सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. नगरकडचं गाव सोडून आम्ही पुण्याजवळ दापोडीला आलो होतो. हे वर्कशॉपात फिटर होते आणि एका शेतकऱ्याच्या घरातली मागची खोली आम्ही भाड्यानं घेतली होती. यांचं डोकं बरेच दिवस दुखत होतं. सकाळी उठलं की उलटी, अंगात बारीक कणकण. जवळच्या डॉक्टरांनी आधी पित्त म्हटलं, मग टायफॉइडची शंका घेतली. पण दोन वाट्यांचं सांगितल्यावर ते यांना खाटेवर निजवून म्हणाले, "हनुवटी छातीला लावा बघू." यांची मान वाकेचना. डॉक्टर मला बाहेर घेऊन आले. "पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या. उद्यावर टाकू नका."

मी घरमालकीणबाईंना मामी म्हणायचे. त्यांनी बैलगाडी जुंपायला लावली आणि स्वतः माझ्याबरोबर निघाल्या.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, पण घाई करत नव्हते. "मेंदूच्या आवरणाला सूज आहे," ते म्हणाले. "कशामुळे, ते कण्यातलं पाणी काढून तपासल्याशिवाय कळणार नाही."

"कन्यातलं पानी काडलं की मानूस लुळा व्हतो म्हनत्यात," मामी म्हणाल्या.

"नाही होत, मावशी. न काढलं तर मात्र मला अंधारात औषध द्यावं लागेल."

मी हो म्हटलं. यांना कुशीवर निजवून, गुडघे पोटाशी घेऊन, लहान मुलासारखं मुडपून धरलं होतं. दाराच्या फटीतून मला नुसती पाठ दिसत होती. हे ओरडले नाहीत, पण पायाची बोटं ताठ झाली.

पाणी नितळ निघालं. मला बरं वाटलं, नितळ म्हणजे चांगलं. डॉक्टर म्हणाले, "पू नाही, एवढंच त्यावरून कळतं. त्यात पेशी वाढल्यात, साखर उतरलीय. जंतू सापडले नाहीत, पण क्षयाचे जंतू पुष्कळदा सापडत नाहीत. क्षयाचा मेनिंजायटिस धरून चालू या. आता त्यावर औषध आहे."

औषध आहे, एवढेच दोन शब्द मी धरून ठेवले. स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया सुरू झाल्या, काही दंडात, काही पुन्हा त्याच कण्यात. कण्यातल्या सुईचा दिवस असला की हे सकाळपासून बोलत नसत. थोडे दिवस ताप उतरला, डोकं हलकं वाटलं. मग एका सकाळी चहा पिताना ओठाच्या कोपऱ्यातून गळायला लागला. तोंड एका बाजूला ओढलं होतं. मी पदरानं पुसत राहिले आणि त्यांना आरसा दिला नाही.

त्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना पुन्हा पहिल्यापासून तपासलं. काखेत बोटं दाबताना त्यांचा हात थांबला.

"गाठ आहे," ते म्हणाले. "आधी नव्हती, किंवा मला लागली नाही."

"क्षयाची असते ना अशी गाठ?" मी विचारलं.

"असते. पण काढून बघायला हवी. पाणीही पुन्हा पाठवतो. या वेळी जंतूंसाठी नाही, त्यातल्या पेशी कशा दिसतात त्यासाठी."

निकालाची वाट बघत मी व्हरांड्यातल्या बाकावर बसायचे. पांढरा कोट दिसला की मी उठून उभी राहायचे, तो पुढं निघून गेला की हायसं वाटायचं. गावाकडं आमच्या आळीत क्षयानं कुणी गेलं तर त्याचं अंथरूण जाळत, त्या घरचं पाणी पीत नसत. आणि मी त्या बाकावर हात जोडून म्हणत होते, देवा, क्षयच निघू दे.

डॉक्टर आले ते माझ्याशेजारी बाकावर बसले. उभ्याउभ्या बोलले नाहीत, तेव्हाच मला कळलं.

"क्षय नाही. गाठीत आणि पाण्यात एकाच जातीच्या पेशी आहेत. कर्करोगाचा प्रकार आहे." त्यांनी लिम्फोसार्कोमा असा शब्द सांगितला. आता लिम्फोमा म्हणतात.

"मग इतक्या दिवसांच्या सुया?"

"दोन्ही रोगांत पाणी जवळजवळ सारखंच दिसतं. क्षय असता आणि मी थांबलो असतो, तर ते हातचे गेले असते." मग म्हणाले, "मुंबईला किरणांचे शेक देतात. काही दिवस बरे जातील. बरे होतील, असं मी सांगणार नाही."

तेव्हा रोग्याला असलं काही सांगत नसत. पण मी आत गेले तेव्हा हे माझ्या तोंडाकडंच बघत होते.

"काय निघालं?"

"क्षय नाही," मी म्हटलं.

"म्हणजे पाठीतल्या सुया बंद?"

"बंद."

त्यांनी डोळे मिटले आणि इतका लांब श्वास सोडला की मला पुढचं सांगवेना. मग मुंबईच्या वाटेवर त्यांनी स्वतःच विचारलं, आणि मी सांगितलं. त्यांनी खिडकीबाहेर बघत नुसती मान हलवली.

शेकांनी केस गेले, पण डोकेदुखी थांबली. एकाच वाटीची एक वाटी दिसायला लागली. दिवाळीला आम्ही दापोडीला होतो. हे ओट्यावर बसून मामींच्या रहाटाची कप्पी दुरुस्त करत होते. मामी म्हणाल्या, "बग, देवानं ऐकलं का न्हाई?" मी हो म्हटलं. होळीच्या आधी पुन्हा उलट्या सुरू झाल्या, आणि मग फार दिवस लागले नाहीत.

मी गावी परतले नाही. पिंपरीकडं एका कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावायला बायका घेत होते, तिथं लागले. मामींनी खोली सोडू दिली नाही. कामावर शेजारची कुणी सहज म्हणायची, आज डोकं ठणकतंय गं. ती तेवढं बोलून कामाला लागायची. मी मात्र दिवसभर तिच्याकडं बघत राहायचे.