गच्चीवर वाळवलेलं इंजिन

लेकीचं पार्सल आलं तेव्हा मी तिला फोनवर झापलंच. बापाच्या उजव्या अंगावरून वारं गेलेलं, शर्टाची बटणं मी लावून देते, आणि ही बाई पाठवते काय, तर लाकडी रेल्वे इंजिनाचा खेळ! पातळ प्लायवूडच्या पाट्या, त्यांतून एकेक भाग हलकेच दाबून काढायचा, घासायचा, एकमेकांत अडकवायचा. डिंक नाही, खिळा नाही. रबरबँड ताणून सोडला की चाकं फिरतात म्हणे. "फिरली मग!" मी नाक मुरडून म्हटलं.

पण आमचे हे हटून बसले. मौद्याकडच्या वीजकेंद्रात मोठमोठ्या मशिनी खोलून जोडलेला माणूस, हात लुळा पडल्यापासून नुसता खिडकीशी बसून असायचा. व्यायामाचा चेंडू दाबा म्हटलं की चिडायचे. "मी काय लहान पोरगा आहो?" हे इंजिन मात्र त्यांनी जेवणाच्या टेबलावर मांडलं आणि उजव्याच हातानं भाग काढायला घेतले. बघवत नव्हतं हो. नखाएवढा तुकडा चिमटीत येईस्तोवर घामाघूम. पडला की शोधायचा, पुन्हा धरायचा. मी हात पुढे केला की वसकन अंगावर यायचे. "तू आपल्या कुरडया पाह्य!"

काय जिद्द त्या माणसाची! काडीएवढ्या आसाला मेणबत्ती घासायचे, दातेरी चाक बसवलं की कानाशी नेऊन फिरवून ऐकायचे. इतकी वर्षं संसार केला, पण त्यांना काम करताना मी कधी पाहिलंच नव्हतं. भाजी निवडायच्या निमित्तानं मी तिथेच बसून राहायची.

भर मे महिन्यात इंजिन उभं राहिलं. रबरबँड ताणला, सोडला. ढिम्म! चाकं जाम. सगळं खोलून पुन्हा जोडलं, तरी तेच. मग ते हात मांडीवर घेऊन बसले. "ठेवून दे डब्यात. दाते नीट बसवताच नाही आले मले. हा हात गेला वं."

मला राग आला, पण कोणावर काढायचा? मी इंजिन उचललं, तर बोटांना दमट लागलं. मान वळवली, तर कूलर थेट टेबलाकडे तोंड करून भणाणत होता. त्याच टेबलावर सकाळी राहिलेले पापड मऊ पडले होते!

"अवो, हे फुगलं आहे जी! दिवसभर कूलरची ओली हवा खाऊन राहिलं ना!"

"काहीच्या काही बोलू नको."

"काहीच्या काही काहून? पावसाळ्यात दारं नाही फुगत?"

मी इंजिन घेऊन तडक गच्चीवर गेले, कुरडयांशेजारी ठेवायला. मागून जिन्यातून ओरडा आला, "उन्हात नको, वाकडं होईल! सावलीत ठेव!" टाकीच्या सावलीत गरम वारं खात ते दुपारभर पडून राहिलं.

संध्याकाळी कूलर बंद करून आम्ही टेबलाशी बसलो. दोघंही घामानं निथळत होतो. त्यांनी उजव्या हातानं रबरबँड ताणला आणि सोडला. खट, खट, खट करत चाकं फिरली. इंजिन मिठाच्या बरणीपर्यंत चालत गेलं.

"अगं माय!" मी टाळ्याच पिटल्या. ते मात्र इंजिनाकडे बघतच नव्हते. आपल्या पंजाकडे बघत होते.

"दाते पहिल्याच वेळी बरोबर बसवले होते वं मी," ते म्हणाले.